आमची खटपट : स्पर्धेसाठी पिस्तूल घेताना

या सदरातून आम्ही आजवर तशा निरुपद्रवी वस्तूंवरच लिहीत आलो. दुर्बीण, शिवणयंत्र, स्नो-ब्लोअर आणि एकदा (वाचकांच्या आग्रहास्तव) पुरणयंत्र. तेव्हा या वेळचं शीर्षक पाहून काही भुवया वर जाणार हे गृहीत धरूनच लिहायला बसलो आहोत. पण मंडळी, हल्ली आमचा फोन वाजला की बऱ्याचदा पलीकडून हाच प्रश्न येतो. "अहो, तुमची मुलगी नेमबाजीला जाते ना? आमच्या चिरंजीवांच्याही डोक्यात ते शिरलंय. पिस्तूल कोणतं घ्यावं?" प्रत्येकाला तासभर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं.

याचं मूळ पॅरिसमध्ये आहे. जुलै २०२४ मध्ये तिथल्या ऑलिंपिकात मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलचं ब्राँझ मिळवलं, दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगबरोबर मिश्र संघाचं दुसरं. मग १ ऑगस्टला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये ब्राँझ आणलं आणि इथल्या मराठी घरांतून पेढे वाटले गेले. त्याच ऑलिंपिकात तुर्कस्तानचे एक्कावन्न वर्षांचे युसुफ डिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभे राहिले आणि रौप्यपदक घेऊन गेले. तो फोटो तर सगळ्यांनीच पाहिला. (खिशातला हात ही ऐट नव्हे, बरं का. मोकळा हात लोंबकळत राहिला की शरीर डुलतं, म्हणून बहुतेक पिस्तूलवाले तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवतात.)

आमच्या घरी हा विषय कन्येने, वय वर्षं पंधरा, जेवणाच्या टेबलावर काढला तेव्हा काही वेळ कोणीच काही बोललं नाही. या देशात राहणाऱ्या आईबापांना त्या शांततेचा अर्थ सांगायला नको. आमच्या मुलांनी प्राथमिक शाळेपासून लॉकडाऊन ड्रिल केलेलं आहे. वर्गातले दिवे बंद करायचे, दाराला कुलूप, कोपऱ्यात चिडीचूप बसून राहायचं. ज्या वस्तूच्या भीतीने पोर कोपऱ्यात बसायला शिकलं, तीच वस्तू त्याच्या हातात आपण द्यायची? आमची सौ. एवढंच म्हणाली, "घरात पिस्तूल नको." कन्या म्हणाली, "आई, ते हवेचं असतं आणि कागदावर मारायचं असतं." दोघींचंही म्हणणं खरं होतं, ही पंचाईत.

तिढा सुटला तो कोल्हापूरहून. सौ.चं माहेर तिथलं. रविवारच्या फोनवर सासूबाईंच्या कानावर गोष्ट गेली, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आमच्या दुधाळीच्या रेंजवर पोरी जातात की रोज. राही सरनोबत तिथलीच न्हवं?" राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, नेमबाजीत एशियाडचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. सासूबाईंच्या लेखी ती गल्लीतली पोर, आणि पिस्तूल म्हणजे कोल्हापुरात कुस्ती असते तसा एक खेळ. सौ.चा विरोध मावळला असं नव्हे, पण तिने अटी घातल्या. त्या अटी पुढे सांगतो, कारण आमच्या मते पिस्तूल निवडण्याइतक्याच त्याही महत्त्वाच्या आहेत.

आता मुद्द्याला हात घालू. फोन करणारे बहुतेक जण कंपनीचं नाव विचारतात. आमचा उलटा प्रश्न असतो: कुठल्या स्पर्धेसाठी? कारण पिस्तूल-नेमबाजी हा एक खेळ नाही. १० मीटरवर हवेच्या पिस्तुलाने सावकाश साठ छर्रे मारायचे हा एक. २५ मीटरवर पॉइंट टू-टूच्या पिस्तुलाने, तेही काही भाग घड्याळाच्या काट्यावर, हा दुसरा. अमेरिकेतला जुना बुल्सआय प्रकार तिसरा, त्यात पॉइंट फोर-फाइव्हपर्यंत मजल जाते. आणि धावतपळत, दारंखिडक्यांआडून पत्र्याची नि पुठ्ठ्याची लक्ष्यं टिपायची तो चौथा, ज्याला इथे ॲक्शन शूटिंग म्हणतात. एकाचं पिस्तूल दुसऱ्यात चालत नाही. टेनिसची रॅकेट घेऊन बॅडमिंटनला जाण्यातला प्रकार. दुकानात गेलात तर दुकानदार त्याच्याकडे जे असेल ते 'टार्गेट पिस्तूल' म्हणून दाखवील, म्हणून स्पर्धा ठरल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

मुलांसाठी आमचं मत स्पष्ट आहे: १० मीटर एअर पिस्तूल. यात स्वारस्य असलेल्या आपल्या लोकांसाठी एक कारण फार व्यावहारिक आहे आणि ते कोणी सांगत नाही. एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना या देशाच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगण्याची मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण मुळात मनाई. क्लबचं पॉइंट टू-टू पिस्तूल तासभर हातात घेणंही त्यात येऊ शकतं, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाने हा खेळ खेळू नये. हवेच्या पिस्तुलात दारू नसते, ते फेडरल कायद्याच्या दृष्टीने फायरआर्म नव्हे.

पण राज्याराज्यांत फरक आहे. आम्ही ओहायोत राहतो, इथे अडचण नाही. न्यू जर्सीत मात्र हवेचं पिस्तूलही हँडगन म्हणूनच मोजलं जातं आणि विकत घेण्याआधी पोलिसांकडून परवाना काढावा लागतो. तो एकवीस वर्षांखालच्यांना मिळत नाही, म्हणजे आईने किंवा बापाने स्वतःच्या नावावर काढायचा. एडिसनच्या आमच्या एका मित्राला हे ठाऊकच नव्हतं, तो ओहायोतून 'स्वस्त मिळतंय तर घेऊन जातो' म्हणत होता. त्याला आम्ही जेवायला घातलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. आपल्या राज्याचा कायदा आधी वाचा, शंका असली तर वकिलाला विचारा.

एकदा १० मीटर ठरलं की नियमपुस्तक निम्मी निवड करून टाकतं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत. सगळं पिस्तूल ४२ बाय २० बाय ५ सेंटिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे, आणि खरोखरच तसं खोकं ठेवलेलं असतं, त्यात बसवून बघतात. दुर्बीण नाही, लेझर नाही, साधी माशी आणि खाच. मूठ मनगटाला आधार देणारी नको. आणि ट्रिगर, म्हणजे आपला चाप, किमान ५०० ग्रॅमचा: पाचशे ग्रॅमचं वजन चापाला टांगून पिस्तूल उचललं तर तो सुटता कामा नये.

आता थोडं गणित, कारण ते केल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही, आणि पिस्तूल निवडण्याचं सगळं शहाणपण त्यातच आहे. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. छर्र्याची कड रेषेला चाटली तरी दहा मिळतात, तेव्हा छर्र्याचं केंद्र मध्यबिंदूपासून आठ मिलिमीटरच्या आत पडलं की झालं. समजा तुमचा हात थरथरला आणि सगळं पिस्तूल, माशी-खाचेची रांग न बिघडता, पाच मिलिमीटर बाजूला सरकलं. छर्राही पाचच मिलिमीटर सरकेल. दहा गुण. आता हात अगदी स्थिर आहे, पण माशी खाचेच्या मधोमध नसून किंचित डावीकडे आहे. माशी आणि खाच यांत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं आणि लक्ष्य दहा मीटरवर, म्हणजे चूक तीसपटीने वाढते. पाव मिलिमीटरहून थोडी जास्त चूक, की दहा गेले. पाव मिलिमीटर म्हणजे दोन-तीन कागदांची जाडी!

याचा अर्थ काय? हात थरथरतो म्हणून रडणारी पोरं, आणि त्याहून जास्त त्यांचे बाप, चुकीच्या गोष्टीची काळजी करतात. हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकवाल्यांचाही. खरी गोष्ट ही की माशी खाचेत आपणहून बसली पाहिजे, आणि चाप ओढताना ती तिथून हलता कामा नये. पहिली गोष्ट मुठीवर अवलंबून, दुसरी चापावर. नळीचा प्रश्न राहतच नाही. चांगल्या कंपनीचं कुठलंही स्पर्धेचं पिस्तूल शिकंज्यात पकडून मारलं तर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. कारखान्यातून तसा भोकाचा कागदही बरोबर येतो. तो कागद बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही, सगळ्यांचे सारखेच असतात.

म्हणून मूठ आधी. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची किंवा तशाच काही पदार्थाची, बोटांच्या खाचा असलेली, खाली तळव्याला टेकणारी सरकती फळी असलेली असते. बुटांसारखी मापं असतात: लहान, मध्यम, मोठी, आणि डावऱ्यांसाठी वेगळी. आमच्या क्लबच्या प्रशिक्षकांनी, हे सत्तरीतले गृहस्थ, कन्येची परीक्षा घेतली ती वाचकांनीही घ्यावी. पिस्तूल मुठीत नीट धरायचं, लक्ष्याकडे बघायचं, मग डोळे मिटून हात खाली टेबलापर्यंत आणायचा, तसाच मिटल्या डोळ्यांनी परत वर न्यायचा आणि मग डोळे उघडायचे. माशी खाचेत दिसली तर पिस्तूल तुमचं. प्रत्येक वेळी ती एकाच बाजूला पळालेली दिसली तर मूठ तुमची नाही. मनगट वळवून ती सरळ करता येते, पण साठ वेळा मनगट वळवलं की चाळिसाव्या छर्र्याला मनगट ऐकत नाही.

टेबलावर चार पिस्तुलं होती. त्यांतलं सर्वांत नवं आणि महागडं कन्येला साहजिकच आवडलं, रंग छान निळा होता. डोळे उघडल्यावर माशी पाचपैकी पाच वेळा डावीकडे. सर्वांत जुनं, ज्याच्या मुठीवरची पॉलिशही गेली होती, त्यात माशी तीन वेळा बरोबर मधोमध. ती आमच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, हे रंगाला काय झालंय?" आम्ही काही बोललो नाही. दहा मिनिटांनी तिने ते जुनंच परत उचललं.

याच वेळी डोळाही तपासून घ्यावा. दोन्ही तळवे पुढे धरून मधे लहानसं भोक ठेवायचं, त्यातून दूरची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू दिसत राहते तो तुमचा मुख्य डोळा. पुष्कळ उजव्या हाताच्या मुलांचा मुख्य डोळा डावा निघतो. घाबरायचं कारण नाही, पिस्तुलात मान थोडी वळवून किंवा दुसऱ्या डोळ्यापुढे झापड लावून भागतं. पण हे मूठ घेण्याआधी कळलेलं बरं, कारण उजवी मूठ की डावी हा निर्णय त्यावर फिरू शकतो.

वजनाबद्दल. ही पिस्तुलं साधारण एक किलोच्या आसपास असतात. एक किलो म्हणजे काय मोठंसं, असं वाटत असेल तर फ्रिजमधला एक क्वॉर्ट दुधाचा डबा घ्या, हात लांब करून खांद्याच्या उंचीला धरा आणि पंधरा सेकंद मोजा. मग असं शंभर वेळा करा, कारण साठ छर्रे मोजणीचे असले तरी सुरुवातीचे सरावाचे आणि मधेच न मारता खाली आणलेले धरून हात तेवढ्या वेळा वर जातो. साठ छर्र्यांना पाऊण तास अधिक अर्धा तास, म्हणजे ७५ मिनिटं. म्हणून अंगाने बारीक मुलांना आखूड नळीची, हलकी आवृत्ती बघावी. मोरिनी, पार्डिनी, स्टायर, फाइनवेर्कबाऊ या सगळ्यांच्या तशा असतात किंवा होत्या. माशी-खाचेचं अंतर कमी झाल्यामुळे वरचं गणित थोडं बिघडतं खरं, पण दमलेल्या हाताने लांब पिस्तूल धरण्यापेक्षा ते परवडतं. बारा वर्षांखालच्या मुलांना मात्र एका हातात पूर्ण वजनाचं पिस्तूल देऊच नये. टेकू देऊन, दोन्ही हातांनी धरून शिकवणारे कार्यक्रम इथे आहेत.

चापाबद्दल थोडक्यात. चांगल्या चापाला दोन टप्पे असतात: पहिला मऊसा, मग एक भिंत लागते, आणि भिंतीवर थोडा जोर दिला की काचेची काडी मोडावी तसा तो सुटतो. भिंतीनंतर चाप घसरत जात असेल तर ते पिस्तूल खाली ठेवावं. चापाचं पान पुढेमागे सरकवता येतं की नाही ते बघा, कारण बोटाचं पहिलं पेर त्यावर सपाट टेकलं पाहिजे. वाढत्या मुलाचं बोट वर्षभरात लांब होतं, पिस्तुलाने जुळवून घ्यायला हवं.

विजेवर चालणारे चापही असतात. मोरिनीचं त्यासाठी नाव आहे, आणि हाताला ते फार गोड लागतात हे कबूल. त्यांत बॅटरी असते, सर्किट असतं. आमच्यासारख्या इंजिनिअरला त्याचं कौतुकच वाटायचं, पण मुलांच्या पहिल्या पिस्तुलाला आम्ही यांत्रिक चापच सुचवतो. बिघाड कुठल्याही यंत्रात होतो. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकात मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर ती बारावी आली. अंतिम फेरीत आठ जण जातात. तीच मुलगी तीन वर्षांनी पॅरिसच्या पात्रता फेरीत ५८० मारून तिसरी आली. मुद्दा हा की बिघडलं तर कोण दुरुस्त करणार? पूर्वी आपल्याकडे स्कूटर घेताना जो विचार व्हायचा तोच इथे करावा. गावात ज्या गाडीचा मेकॅनिक आहे ती गाडी. तुमच्या क्लबमध्ये तिघांकडे स्टायर असेल तर स्टायर घ्या, प्रशिक्षकांच्या खणात तिचे स्प्रिंग आणि रबरी रिंगा पडलेल्या असतात. युरोपातून पार्ट यायला महिना लागतो आणि स्पर्धा शनिवारी असते.

हवा कुठून येते यावरही किंमत ठरते. जुनी फाइनवेर्कबाऊ ६५ स्प्रिंगवर चालायची, अजून कुठे कुठे दिसते आणि यंत्र म्हणून देखणी आहे. रशियन आयझेडएच-४६एम मध्ये प्रत्येक छर्र्यापूर्वी एक लांब दांडा ओढून हवा भरायची. फार अचूक आणि एके काळी गरिबांचा आधार होती, पण निर्बंधांमुळे तिची आयात बंद पडली आणि जुन्या नगांना आता वाटेल ते भाव येतात. शिवाय शंभर वेळा तो दांडा ओढून पोरीचा हात नेम धरण्याआधीच थकतो. कार्बन डायऑक्साइडवाली पिस्तुलं स्वस्तात मिळतात, पण त्यात एक अडचण भौतिकशास्त्राची: द्रवरूप वायूचा दाब तापमानावर ठरतो. वीस अंश सेल्सियसला सुमारे ५७ बार, दहा अंशांना ४५. ओहायोतल्या जानेवारीत गाडीच्या डिकीतून काढलेलं पिस्तूल पहिल्या अर्ध्या तासात छर्रे भलतीकडे टाकणार. आताची बहुतेक स्पर्धेची पिस्तुलं नळीखालच्या सिलिंडरात २०० बार दाबाने भरलेल्या साध्या हवेवर चालतात, मधे रेग्युलेटर असतो, आणि एका भरण्यात पूर्ण स्पर्धा आरामात निघते. हवा स्कूबाच्या टाकीतून भरायची. पाणबुड्यांच्या दुकानात ती भरून मिळते.

नवं घेतलं तर किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास किंवा वर. जुनं निम्म्यात मिळू शकतं, आणि जुनं घ्यायला आम्ही अजिबात हरकत घेत नाही, कारण या यंत्रात झिजण्यासारखं थोडंच असतं. फक्त सिलिंडरवर कोरलेली तारीख बघावी. कंपन्या सिलिंडरला साधारण दहा वर्षांची मुदत देतात, काही त्याहून जास्त, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत पकडला गेला तर जबाबदारी खेळाडूची. २०० बारची वस्तू मुलीच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असते, तेव्हा हा नियम आम्हांला कागदी वाटत नाही. आमच्या कन्येने शेवटी पसंत केलं ते कॉलेज संपवून निघालेल्या एका मुलाचं यांत्रिक चापाचं स्टायर एलपी-१०, लहान मुठीचं. सिलिंडरची मुदत संपत आली होती, तेवढे पैसे त्याने कमी केले आणि आम्ही नवा सिलिंडर मागवला.

घरी आणल्यावर पहिला महिना गुण वाढले नाहीत, उलट दहा-बाराने उतरले. अशा वेळी पोरं पिस्तुलाला दोष देतात आणि बाप पुढचं महाग पिस्तूल बघायला लागतो. थांबावं. प्रशिक्षकांनी मुठीवर पेन्सिलने खुणा केल्या, जिथे हात आणि लाकूड यांत फट होती तिथे लाकडाचं पुटिंग भरलं, जिथे टोचत होतं तिथे घासलं. तीन शनिवार हेच. सौ. त्या काळात म्हणायची की एवढ्या वेळात मी भरतकामाची साडी काढली असती. पण चौथ्या शनिवारी कन्येने डोळे मिटून हात वर नेला, उघडले, आणि काही न बोलता सरळ चाप ओढला. तिच्या त्या न बोलण्यावरून आम्हांला कळलं.

आता सौ.च्या अटी. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, छर्रे वेगळ्या पेटीत, किल्ली सौ.कडे. आमच्याकडे गणपतीला साठ माणसं येतात आणि त्यांतली पंचवीस पोरं पहिल्या पाच मिनिटांत बेसमेंटमध्ये पळतात, तेव्हा ही अट किती शहाणपणाची आहे ते कळतं. सराव बेसमेंटमध्येच, जिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तर तेहतीस फूट भरतात, मागे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, सगळ्यांना चष्मा. बराचसा सराव छर्रा न घालता, नुसता चाप ओढून, समोर कोऱ्या भिंतीकडे बघत करायचा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय चिवड्याच्या डब्याला हात लावायचा नाही. (आजी इथे आल्या की ही अट मोडण्याचं श्रेय त्यांना जातं. त्या भरवतात.)

आणि शेवटची अट, जी आमच्याकडे बोलूनही दाखवली जात नाही, इतकी ती ठरलेली आहे. पेटी घरातून निघते ती थेट गाडीच्या डिकीत आणि तिथून थेट रेंजवर. वाटेत शाळा नाही, मैत्रिणीचं घर नाही, दुकान नाही, अंगणात काढून दाखवणं नाही, फोटो नाही. शाळेच्या आवारात तर पेटीसकट गाडीही न्यायची नाही. २०१४ साली इथून जवळच, क्लीव्हलंडमध्ये, बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरणाऱ्या बारा वर्षांच्या काळ्या मुलाला पोलिसांनी गाडीतून उतरताच गोळी घातली. ते हवेचं आहे, स्पर्धेचं आहे, हे समजावून सांगायला त्या दोन सेकंदांत वेळ नसतो. आमची मुलं इथे जन्मली, त्यांचं इंग्रजी इथलं आहे, पण दुरून दिसतो तो रंग आणि हातातली वस्तू. हे कन्येला सांगताना आम्हांला जे वाटलं ते वाचकांपैकी अनेकांनी या ना त्या निमित्ताने अनुभवलं असेल. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी खेळू की नको?" सौ.नेच उत्तर दिलं, "खेळ. पण पेटी आधी."

कॉलेजप्रवेशाला याचा उपयोग होतो का, हा प्रश्नही हमखास येतो. काही विद्यापीठांत पिस्तूलचे संघ आहेत, आमच्या राज्यात ओहायो स्टेटमध्ये आहे. एमआयटीत तर तिरंदाजी, तलवारबाजी, नौकानयन आणि पिस्तूल किंवा रायफल असे चार अभ्यासक्रम केले की 'पायरेट' म्हणून प्रमाणपत्र देतात! पण त्यासाठी म्हणून कोणी पोराच्या हाती पिस्तूल देऊ नये. ज्याला दहा मीटरवरच्या बटणाकडे तासभर बघत उभं राहणं आवडतं त्याचंच हे काम.

सुरुवात करायची तर पिस्तूल विकत न घेता करा. क्लबकडे उसनी पिस्तुलं असतात, चार-सहा महिने तीच वापरावी. आमच्या भागातल्यांना लेक एरीच्या काठी कँप पेरीला सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमची हवेच्या बंदुकांची बंदिस्त रेंज आहे. लक्ष्यं इलेक्ट्रॉनिक, छर्रा कुठे लागला ते लगेच पडद्यावर दिसतं, आणि सामान्य लोकांसाठीही ती ठरावीक दिवशी खुली असते. मंडळातली चार-पाच कुटुंबं मिळून जाणार असाल तर आम्हांला कळवा, गाडीत जागा आहे. मूठ घासायला सँडपेपर मात्र ज्याचा त्याने आणावा, आमचा संपलाय.